एकशे ऐंशी दिवस

पिकर्सगिलबाईंनी पेन्सिल उचलली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

टेबलापलीकडे कोबिना अन्सा खुर्चीच्या कडेवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. शेजारी त्याची बायको आराबा, पर्स पोटाशी धरून.

"कंपनीचं पत्र वाचलंत ना, वकीलबाई?" कोबिना म्हणाला. "तैवान काय, ब्राझील काय, सगळीकडे कंपनीनंच पाठवलं. कुठे पवनचक्कीचं पातं तडकलं की टांगा कोबिनाला दोरीवर! मी काय मजा मारायला जात होतो?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"वाचलं. पत्र छान आहे. पण मिस्टर अन्सा, दिवस तो दिवसच. कोणी का पाठवलेलं असेना. कुठल्याही सलग बारा महिन्यांत एकशे ऐंशीपेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहिलं की कायम राहण्याचा अर्ज टिकत नाही. मागच्या मेपासून या एप्रिलपर्यंत तुमचे दोनशे तीन भरतात."

"पण पगार इथला. कर इथे भरला."

"हो."

"साहेब म्हणाले होते, कामाचे दिवस धरत नाहीत."

"साहेबांना पातं दुरुस्त करून हवं होतं."

कोबिना फाइलीची नाडी सोडत राहिला, बांधत राहिला. कंपनीचं इथलं, ग्रिम्सबीचं आवार ऑक्टोबरात बंद होणार होतं, आणि त्याचा व्हिसा त्या एका नोकरीला बांधलेला. कायम राहण्याचा परवाना हातात पडला असता तर त्याला कुठेही काम धरता आलं असतं. नाही पडला, तर थोडक्या दिवसांत व्हिसा देणारी दुसरी कंपनी गाठायची. ती नाही सापडली, तर मुलांची नावं शाळेतून काढायची आणि घर आवरायचं.

"मग हिचा तरी अर्ज भरा," तो एकदम पुढे सरकला. "हिचं सगळं चोख आहे. पाच वर्षांत एक दिवस बाहेर नाही. फेब्रुवारीत हिची आई गेली, तिकडे आमच्या देशात, केप कोस्टला. भावांनी सात आठवडे शवागारात ठेवली म्हातारीला, आराबा येईल म्हणून. मी जाऊ दिलं नाही. चर्चमध्ये सगळेच सांगत होते, अर्जाआधीच्या शेवटच्या वर्षात पाऊल बाहेर टाकू नका. म्हटलं, आपण एकसुद्धा दिवस घालवायचा नाही. हिने अंत्यविधी सगळा मोबाईलवर पाहिला."

बोलता बोलता त्याचा आवाज पुन्हा भक्कम झाला. एवढं तरी आपण नीट सांभाळलं होतं.

पिकर्सगिलबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या तुमच्या व्हिसावर इथे आहेत. तुम्हाला परवाना मिळाल्याशिवाय त्यांना मिळत नाही."



"बाई," आराबा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "मला किती दिवस जाता आलं असतं?"

बाईंनी आधी कोबिनाकडे पाहिलं. त्यांनी उत्तर देऊ नये, असं त्याला फार वाटलं.

"तुम्हालाही तेच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकशे ऐंशी."

आराबाने पर्स टेबलावर ठेवली. डाव्या हाताचं एक बोट दुमडलं.

"शुक्रवारी रात्र जागवायची," ती म्हणाली. दुसरं बोट दुमडलं. "शनिवारी माती द्यायची." मग तिसरं. "रविवारी चर्च."

कोबिनाने तिच्या हाताकडे हात नेला. तिने आपला हात काढून घेतला नाही, पण बोटंही उघडली नाहीत.

"सोमवारी मी परत आले असते, कोबी," ती म्हणाली.