पिंपातले मासे

खंडू दगडांच्या गडग्याआड उकिडवा बसून धोंडूबाईच्या पडवीकडे बघत होता. ती खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. कुटलेलं तिनं कोंड्यात नि शेंगपेंडीत कालवलं, गोळे केले आणि पडवीसमोरच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात टाकले. पिंपात मासे वळवळले.

'हां! हे हाय होय तुझं गुपित,' खंडू मनात म्हणाला.

गिरणी संपात बसली तसा तो मुंबईहून गावी आला. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीत पाणी होतंच. त्यात त्यानं रोहू सोडले. गडग्यापलीकडच्या खाणीत धोंडूबाईनं सोडले. बाईमाणूस, नवरा नाही, हाताखाली कोणी नाही. तरी तिचे मासे हातभर, आणि ह्याच्या माशांच्या अंगावर लाल चट्टे. पालीच्या बाजारात लोक ह्याची पाटी ओलांडून विचारत, "धोंडूबायचे आले काय ओ?" ते ऐकलं की खंडूला जेवण जात नसे.

"एकदा जाऊन विचारा की तिला," बायको हौसा म्हणायची. "खाते काय ती तुमाला?"

"त्या बायला विचारू? मेलो तरी नाय. आणि तूपण तिच्या दारात जायचं नाय, सांगून ठेवतो."

हौसा कळशी उचलायची नि खाणीवर जायची. यायला उशीर करायची. खंडूचं तिकडे लक्ष कुठं? त्याचे डोळे गडग्यापलीकडं.

धोंडूबाई आत गेली तसा तो हळूच गडग्यापलीकडे उतरला. खलबत्त्याजवळ करंजाची टरफलं पडली होती. एवढंच? करंज तर त्याच्या कुंपणालाच होते! घरी येऊन त्यानं पाटीभर बिया कुटल्या, खाद्यात कालवल्या आणि सगळं एकदम खाणीत ओतलं.

"आता बघतो बाजारात कोणाचे मासे विचारतात ते!"

सकाळी खाणीचं पाणी पांढरं दिसलं. सगळे रोहू उताणे.

खंडू बोंबलतच गडगा ओलांडून गेला. "वयनी, दावा साधलात! मला दिसावं म्हणून करंज कुटलात!"

धोंडूबाई पिंपाशी बसली होती. तिनं कपाळावर हात मारला. "खाणीत टाकलात? अवो, माणसाच्या खरजेला करंज चालतो, माशाला मानवतो की नाय, कोणाला ठाव? म्हणून तर आधी पिंपात घालून बघत होते."

"मग तुमच्या माशांना काय घालता?"

"काय नाय. पेंड नि कोंडा. त्यांना कुठं काय झालाय?"

तिनं पिंपात हात घालून एक मासा वर काढला. मेलेला. अंगावर लाल चट्टे.

"हे तुमचेच, भावोजी. हौसा कळशीत घालून घेऊन आली. म्हणाली, औषध बघा कायतरी, पण ह्यांना सांगू नका."