मिठाची बाजू

"मीठ, लिंबू, चटणी डावीकडे. भाजी उजवीकडे. पाण्याचं भांडं डाव्या हाताशी." पहिल्याच दिवशी आठल्येकाकूंनी हे माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. वीस वर्षं लोकांकडे स्वयंपाक करतेय मी. पोटात गेल्यावर सगळं एकच, असं मनातल्या मनात म्हटलं.

महिन्याभराने काकू बँकेत अडकल्या आणि काकांना वाढायची वेळ माझ्यावर आली. एरवी मी पोळ्या करून निघून जायची. टेबलाच्या पलीकडे उभी राहून नेमाप्रमाणे वाढलं. माझ्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि पाणी.

काकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि भाजी घ्यावी तशी भरपूर मिरचीची चटणी उचलून तोंडात घातली. ठसका लागला. त्यांचा डावा हात पाण्यासाठी डावीकडे गेला आणि रिकाम्या जागी थांबला. भांडं त्यांच्या उजवीकडे समोरच होतं. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं; ते भांड्याकडे वळलेच नव्हते.

"निर्मलाबाई, आज समोरून वाढलंत," ते शांतपणे म्हणाले. मग दोन्ही हातांनी त्यांनी ताट अर्धं फिरवलं. बोटं न चाचपडता थेट लिंबाच्या फोडीवर गेली.

"मला कुणी सांगितलंच नाही, काका."

"सांगितलं की लोक घास भरवायला बसतात."

मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. तिथून माझी डावी बाजू हीच त्यांची डावी बाजू होती. भांडं तिथे ठेवलं. मी हात काढून घ्यायच्या आधीच त्यांचा हात तिथे पोचला होता.