ताटावरचं मागणं

"अंगठी नको, घड्याळ नको. मला व्हिडिओ गेम पाहिजे," पंडित म्हणाला आणि त्यानं ताट पुढे सरकवलं.

सावद्याच्या मांडवात पंगत बसली होती. जावयानं ताटावर रुसायचं आणि सासऱ्यानं त्याला मनवायचं, ही रीतच. पण रीत म्हणून कुणी रेडिओ मागतो, कुणी सायकल. धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा अठ्ठावीस वर्षांचा नवरदेव टीव्हीला जोडायचा खेळ मागतो, हे पंगतीला नवीन होतं. पार वाढप्यांपर्यंत हसू गेलं.

"नवीन निघालाय तोच हवा," पंडित पुढे म्हणाला. "पण त्याच्यावर जुन्या कॅसेटी चालल्या पाहिजेत. तशी सोय मिळते, मी चौकशी केली आहे."

शेजारच्या पाटावर त्याचे वडील देवचंद नाना बसले होते. त्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. नाना म्हणजे हुंड्याविरुद्ध धुळ्यात भाषणं ठोकणारे मास्तर. 'मुलीखेरीज सुतळीचा तोडाही घेणार नाही,' असं त्यांनी साखरपुड्यात चारचौघांत सांगितलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पलीकडच्या पंगतीत कुणीतरी हे म्हटलंसुद्धा.

नवरीनं मान खाली घातली. तिचे वडील भाईदास पंडितकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. "देतो, बापू. शब्द दिला. जेवा आता," एवढंच ते म्हणाले आणि घाईघाईनं मांडवाबाहेर गेले.

ते डोळे नानांनी पाहिले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

आठ दिवसांत भाईदास स्वतः खोकं घेऊन देवपूरला हजर. जळगावची सगळी दुकानं पालथी घातली म्हणाले. नव्या मशीनला जुनी कॅसेट बसत नाही, मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो, तो मिळता मिळेना. चहा झाला तरी ते उठेनात. आतल्या दाराकडे बघत बसले. तक्रार करायची असेल, जीभ रेटत नसेल, असं नानांनी धरलं आणि शरमेनं त्यांना स्टँडपर्यंत पोचवून आले.

"काय कमी शे आपला पोऱ्याले?" पंडितची आई रुक्माबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

नानांनी मुलाला फैलावर घेतलं. "हॉस्टेलातले नाद अजून सुटले नाहीत? बापाची लाज काढलीस सावद्यात!"

"मागितलं ते मागितलं, नाना," पंडित म्हणाला. वर हसलाही. निर्लज्जम् सदासुखी!

संध्याकाळी नवराबायकोच्या खोलीतून टुंग टुंग आवाज यायला लागले. दार लोटलेलं असायचं. नाना ओसरीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. गल्लीतला छगन रोज जाता-येता विचारायचा, "काय मास्तर, पंडितभाऊ कितव्या लेव्हलला?" नानांनी वाचनालयात जाणं सोडलं. हुंड्यावर बोलायला एका मंडळाचं बोलावणं आलं, तर तब्येतीचं कारण सांगून तेही टाळलं.

महिनाभर त्यांनी ही लाज गिळली. मग पंडित पेपर तपासायला चार दिवस जळगावला गेला, तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली.

"कुंदा, ते मशीन मी तुझ्या वडिलांना परत करून येतो. पंडितला मी बघून घेईन. तुझ्या बापाची मान खाली गेली, ती मला बघवत नाही."

कुंदानं वळून खोलीकडे बघितलं. "बरं, नाना."

तिनं स्वतः वायरी काढल्या, एकेक गुंडाळली. जुन्या कॅसेटी लुगड्याच्या फडक्यात बांधल्या. कन्व्हर्टर वेगळ्या पिशवीत घातला. "हा जपून न्या. हा हरवला तर जुन्या चालायच्या नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. पोरीला बापाच्या मानाची किती कदर, असं वाटून नानांना बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सावद्यावरून जाणाऱ्या रावेर गाडीत त्यांनी पिशवी मांडीवरच ठेवली. शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी "मिक्सर आहे" म्हणून सांगितलं. हयातभर खरं बोला म्हणून पोरांना छड्या मारलेला माणूस!

भाईदास ओट्यावरच भेटले. नानांनी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि हात जोडले.

"भाऊ, जसंच्या तसं आणलंय. माझ्या मुलानं तुमच्याकडे तोंड वेंगाडलं, त्याची मला लाज वाटते. माफ करा."

भाईदासांनी पिशवी उघडली. वरच फडकं होतं. त्याची गाठ सोडून ते कॅसेटींकडे बघत बसले.

"ह्या कॅसेटीबी परत धाडल्या तिनं?"

"तिनं? पंडितच्या आहेत त्या."

"जावईबापूंच्या कुठल्या, नाना! कुंदाच्या मामानं सुरतहून आनल्या व्हत्या. मशीनबी आनलं व्हतं. लोकं मले म्हनत, पोरीच्या जातीले हे कसले नाद? एक दिवस मी ते मशीन आंगनात आपटून फोडलं. साऱ्यांसमोर. कॅसेटी तेवढ्या तिनं ओढनीत उचलून नेल्या." त्यांनी एका कॅसेटीवरून हात फिरवला. "तवापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. सहा वर्षं झाली."

नाना ओट्याच्या कडेला टेकले.

"पंगतीत बापूंनी जुन्या कॅसेटीचं नाव काढलं, आन् मले समजलं हे मागनं कोनाचं हाये. पोरीनं सहा वर्षांनी बापाजवळ काही मागितलं व्हतं. मी रडतच दुकानं फिरलो." भाईदासांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली. मग वर बघून विचारलं, "खरं सांगा, नाना. परत धाडताना काय म्हनली ती? अजून माफ नाही केलं का तिनं मले?"