सहावी सवाष्ण

लेकीला धाडायच्या कॅसेटमधलं नको तेवढं गाळता येईल असा व्हीसीआर बघायला सिंधुबाई आणि त्यांचा नवरा मानसिंग शेळगावहून इंदापूरच्या दुकानात आले होते. कॅसेट होती मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या हळदीकुंकवाची.

"आमच्या म्हाताऱ्या आबांचं घोरणं तेवढं काढा," मानसिंग दुकानदार नागेशला म्हणाला.

"आबांचं न्हाय, तुमचं हाय ते," सिंधुबाई हळूच बोलल्या.

नागेशनं हसत हसत घोरणं वगळून बाकीचं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दाखवलं. मशीन दोघांच्याही मनात भरलं.

मग सिंधुबाईंनी पडद्यावरच्या सवाष्णी मोजल्या. बोलावल्या होत्या पाच, बसल्या होत्या सहा. सहावी कुणाच्याच ओळखीची नव्हती. गळ्यात मंगळसूत्र, पण कपाळ कोरं.

"हिलाबी गाळू का, मावशी?"

"नगं रं बाबा. कुंकवावाचून सवाष्ण गेली तर माझं व्रत अपुरं राहील."

त्यांनी चित्र थांबवायला लावलं, पिशवीतला करंडा काढला आणि काचेवरच्या त्या कपाळाला कुंकू टेकवलं. मानसिंगला हसू आवरेना.

नागेशनं फडक्यानं काच पुसली. कुंकू निघेना. ते आतल्या बाजूला होतं.

थांबलेल्या चित्रात ती बाई प्रसन्न हसली. तिनं आपलं बोट समोरच्या ताटातल्या कुंकवात बुडवलं आणि काचेकडं आणलं.

सवयीनं सिंधुबाईंनी कपाळ पुढं केलं.