पहिलं पाणी

शेवंतीने पदर खोचला आणि पाटातल्या दगडाला दोन्ही हात घातले.

गरम पाण्याचा झरा बायकांच्या आवारात, भिंतीच्या आतच होता. तरी त्यांच्या पाटात वर्षानुवर्षं हा दगड बसलेला. कढत पाणी आधी पलीकडे पुरुषांच्या कुंडात जायचं आणि त्यांच्या अंघोळी झाल्या की साबणाचं कोमट पाणी भिंतीतल्या भोकातून बायकांच्या कुंडात यायचं. ‘बायकांना एवढं गरम सोसत नाही,’ असं खोतांनी कालच्या बैठकीत पुन्हा बजावलं होतं.

“भाताचा टोप चुलीवरून उतरवताना बरं सोसतं,” शेवंती दगडालाच म्हणाली. दगड हलला. तिने तो उचलून पुरुषांच्या पाटात आदळला.

वाफाळतं पाणी कुंडात शिरलं. बायका आधी बिचकल्या, मग हुश्श हुश्श करत उतरल्या. सगळ्यांच्या मागून गुडघे धरत खोतीणकाकूही आल्या, तशी शेवंती पाटाकडे पाठ करून, दगड झाकून उभी राहिली. खोतांच्याच शेतावर ती राबत होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोत गरजले, “पाणी का थांबलं? अगो, आत आहेस ना? बघ जरा, पाटात काय अडकलंय ते काढ!”

सगळ्या जणी काकूंकडे पाहू लागल्या. काकूंनी दुखरे गुडघे लांब पसरले आणि त्या हनुवटीपर्यंत पाण्यात सरकल्या.

“काकू, खोत हाका मारतायत,” शेवंती हळूच म्हणाली.

“मारू देत,” काकूंनी डोळे मिटले. “सांग त्यांना, माझ्या कानात पाणी गेलंय.”