गाडी मागे घेताना

मार्लिसने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, तरी गाडी थांबली नाही.

तिला वाटलं, ड्वेन आरशात बघतोय, थांबेल आता. ती पालो व्हर्डेच्या झाडाशेजारी उभी होती, आरशात दिसेल अशी, नेहमीच्या लाल स्वेटरमध्ये. त्यांच्या बसएवढ्या घरगाडीची पांढरी पाठ सावकाश तिच्याकडे सरकत होती. पलीकडे ऑर्व्हिल आणि इतर शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून, पेले हातात घेऊन बसले होते. कोणी आलं आणि गाडी मागे घ्यायला लागलं की वाळवंटातल्या घरगाड्यांच्या त्या तळावर सगळे असेच जमायचे. नवराबायकोची भांडणं फुकटात बघायला याहून चांगली जागा नाही, असं ऑर्व्हिल म्हणायचा. फक्त ड्वेन आणि मार्लिसच्या वेळी त्याची निराशा व्हायची. इथे काढलेल्या इतक्या हिवाळ्यांत ती दोघं एकदाही ओरडली नव्हती. तिने हात हलवायचे, त्याने आरशात बघायचं, आणि गाडी आपल्या जागी जाऊन बसायची.

"थांब," मार्लिस ओरडली. "ड्वेन, थांब."

गाडी थांबली, पण झाडाची हिरवी साल खरवडून.

मग ऑर्व्हिल म्हणाला, "चला, आता तुम्हीही आमच्यातलेच झालात."

ड्वेन खाली उतरला. गाडीला पोचा आला होता, त्यावरून त्याने तळहात फिरवून बघितला. "ऊन आलं आरशात," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मार्लिसने वर बघितलं. सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता.

आत आल्यावर तिने सूप गरम केलं, दोन वाडग्यांत ओतलं आणि त्याच्यासमोर बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ड्वेन."

तो सूप ढवळत राहिला. "थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीपासून. मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझा स्वेटर दिसत होता, हात कुठे आहेत ते कळेना."

"आणि रस्ता?"

"कडेची पांढरी रेघ दिसते. पाट्या तर तू वाचतेसच."

ती वाचायचीच. मिनेसोटापासून ॲरिझोनापर्यंत, वाटेतली प्रत्येक पाटी, मोठ्याने. दर वर्षी तो वैतागायचा, मला डोळे आहेत म्हणायचा. या वर्षी एकदाही म्हणाला नव्हता. म्हातारपणी माणूस मवाळ झाला, असं तिला वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर निघालोच नसतो. लेकीकडे, करेनच्या तळघरात बसलो असतो, खिडकीतून जावयाला बर्फ उपसताना बघत."

"मारलं असतंस आपल्याला. वर आणखी कोणाला तरी."

"हो," तो म्हणाला.

त्या 'हो'नंतर तिला पुढे भांडता येईना. तिने त्याच्या वाडग्यात बिस्किटं कुस्करून घातली, त्याला आवडायची तशी, आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

"तू ही गाडी कधी चालवली नाहीस, मार्लिस."

"तूही कुठे चालवत होतास? मी वाचत होते, तू ऐकत होतास."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि मिठाच्या बाटलीशेजारी ठेवली.

घरगाडीच्या टाकीतलं पाणी संपलं तेव्हा गावात जाणं भाग पडलं. मार्लिस चालवायला बसली. गाडी आधी गचके देत निघाली, मग बरी चालली. वळणावर एका ट्रकवाल्याने लांबलचक भोंगा दिला. ड्वेन शेजारी तिच्या जागेवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, परक्याच्या घरी बसावं तसा.

"पाट्या वाच ना," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"आता कशाला? मला दिसतात."

पुढची पाटी आली तेव्हा तिने ती मोठ्याने वाचली. मग तिच्यापुढचीही.

पाणी भरून, घाणीची टाकी रिकामी करून दोघं परतली तेव्हा ऊन कलत होतं. खुर्च्या मांडलेल्याच होत्या.

"काय ड्वेन, आज रजा वाटतं?" ऑर्व्हिलने विचारलं.

"बायकोला शिकवतोय," ड्वेन म्हणाला. "तुझ्या बायकोला शिकायचं असेल तर पाठव."

गाडीच्या अंगावरून हात फिरवत तो मागे गेला आणि झाडाशेजारी उभा राहिला, ती उभी राहायची तिथेच. मार्लिसने आरशात बघितलं. त्याचं तोंड तिच्याकडे नव्हतं. कडेच्या नजरेने बघता यावं म्हणून त्याने मान वळवली होती. लांबून कोणाला वाटलं असतं, डोंगर बघतोय. त्याने दोन्ही हात उचलले. ये. ये. अजून ये.

ती मागे येत राहिली. झाड आरशात मोठं होत गेलं. सोललेली जागा दिसायला लागली, तिच्यावर सुकलेला डिंकही दिसायला लागला. ड्वेनचे हात अजून बोलवतच होते.

तिने ब्रेक दाबला. ब्रेकची हवा फुस्स करून सुटली.

तो आवाज आल्यावर ड्वेनने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

"बघा," ऑर्व्हिल खुर्चीवाल्यांना म्हणाला. "एक शब्द नाही. आमच्याकडे एव्हाना कोणीतरी रडलं असतं."

मार्लिसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वेळेवर थांबवलंस," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाहीतर झाडावरच घातली असती मी."

ड्वेनने हात लगेच खाली घेतले नाहीत.