ओळखीचा आवाज

"काबरी, ये गं," मी हाक मारली. माझ्याच हातच्या बाटलीवर वाढलेली ती शेळी मांडीशी डोकं टेकवून उभी राहिली. छातीच्या पट्ट्यामुळे पडद्यावर दिसणारे तिचे ठोके लगेच मंदावले. ओळखीच्या आवाजाने जनावराचं हृदय शांत होतं, हाच तर आमचा शोध.

सरांनी सिरिंज भरली.

"आज कसलं इंजेक्शन, सर?"

"शेवटचं. पुढच्या पेपरसाठी हिचं हृदय बाहेर काढूनच तपासावं लागेल."

"प्रयोग संपला की कळपात सोडू, म्हणाला होतात तुम्ही!"

"खरं सांगितलं असतं, तर तू हिला इथे आणलं असतंस? आता बोलत राहा तिच्याशी."

मी काबरीच्या कानाशी वाकले. "पळ गं बाई, पळ इथून."

पडद्यावरचे ठोके आणखी मंदावले.